गरीब कोण, हे फोन सांगेल?

दोस्तांनो, एक कोडं घालतो. गावात ५०० घरं आहेत. तुमच्याजवळ मदतीचे पैसे आहेत, पण ते १०० घरांनाच पुरतील. सगळ्यात गरजू १०० घरं कशी शोधाल? त्यात काय, घरोघरी जायचं, बघायचं, विचारायचं, असंच म्हणाल ना? पण समजा, घराबाहेर पडायचीच सोय नाही. मग?

पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशापुढे २०२० साली हाच पेच पडला होता. (नकाशात घाना आणि बेनिन यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी दिसेल, तोच टोगो.) कोरोनामुळे कामं बंद. हातावर पोट असलेल्यांनी खायचं काय? सरकारने एप्रिलमध्ये 'नोविसी' नावाची योजना काढली. एवे भाषेत नोविसी म्हणजे एकजूट. मोबाइलवरून एक नंबर फिरवायचा, मतदार ओळखपत्राचा क्रमांक द्यायचा, की पैसे मोबाइलवरच जमा! राजधानी लोमेच्या परिसरात बाईला महिन्याला १२,२५० फ्रँक, पुरुषाला १०,५००. बायकांना जास्त, कारण घरातल्यांच्या खाण्यापिण्याचं बघतात त्याच. आहे की नाही शहाणपणाचं?

मतदार यादीत प्रत्येकाचा धंदा लिहिलेला होता, म्हणून शहरात निवड जमली. खेड्यात मात्र गाडं अडलं. तिथे जो तो शेतकरी! त्यातला जास्त गरीब कोण, हे यादीतून कसं कळणार?

इथे अमेरिकेतल्या विद्यापीठांमधले संशोधक मदतीला आले. बर्कलेचे जोशुआ ब्लूमेनस्टॉक हे डेटा सायन्सवाले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे डीन कार्लन आणि ख्रिस्तोफर उड्री हे अर्थशास्त्रज्ञ. फोनच्या वापरावरून माणसाच्या सांपत्तिक स्थितीचा अंदाज येतो, हे ब्लूमेनस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्येच रवांडात दाखवून दिलं होतं.

आधी उपग्रहाची चित्रं घेतली. पत्र्याची छपरं कुठे, गवताची कुठे, रस्ते कसे आहेत, अशा खुणांवरून संगणकाने सर्वांत गरीब १०० विभाग हेरले. पण एका विभागात सगळेच काही सारखे नसतात. म्हणून मग फोनच्या नोंदी. कोण काय बोललं ते नाही हं! फक्त किती फोन केले, कधी केले, परदेशात केले का, एवढंच.

आता खरी गंमत. या नोंदींमध्ये 'हा गरीब' असं कुठेही लिहिलेलं नसतं. मग संगणकाला ते शिकवलं कुणी? माणसांनीच! सप्टेंबर २०२० मध्ये हजारो लोकांना फोन करून घरची परिस्थिती विचारली. त्यांची उत्तरं आणि त्यांच्याच फोनच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. अशा असंख्य जोड्या पाहून संगणक ताळा बसवायला शिकला आणि मग बाकीच्यांबद्दल अंदाज करू लागला. दिवसाला सव्वा डॉलरही खर्च करू न शकणारा, असा ज्याच्याबद्दल अंदाज निघाला, त्याला नोव्हेंबरपासून पैसे मिळू लागले. 'गिव्हडायरेक्टली' या संस्थेने ते दिले.

अंदाज बरोबर ठरले का? २०२२ साली संशोधकांनी हिशोब जाहीर केला. नुसता विभाग पाहून पैसे वाटले असते, तर जितके गरजू सुटले असते, त्यापेक्षा या पद्धतीत ४ ते २१ टक्क्यांनी कमी सुटले. पण घरोघरची सगळी माहिती असलेली नोंदवही देशाजवळ असती, तर? तिच्या तुलनेत फोनची पद्धत ९ ते ३५ टक्क्यांनी जास्त गरजूंना विसरते! संशोधकांनी हा दुसरा आकडाही लपवला नाही, हे मला फार आवडलं.

टक्का म्हटलं की नुसता आकडा वाटतो. पण सुटलेला प्रत्येक जण म्हणजे एक उपाशी घर. शिवाय उद्या लोकांना कळलं, की फोन कमी केले तर पैसे मिळतात, तर ते मुद्दामच कमी फोन करतील! आणि ज्या म्हातारीकडे फोनच नाही, तिची तर एकही नोंद संगणकापर्यंत पोचत नाही. तिला शोधायला कुणीतरी तिच्या दारापर्यंत चालतच जायला हवं.