गाजर गवत उघड्या हातांनी नको



सोसायटीच्या आवारातले गाजर गवत रहिवाशांनी श्रमदानाने उपटावे, हातमोज्यांचे चोचले कशाला, असे मागील अंकातील पत्रात म्हटले आहे. श्रमदान जरूर व्हावे. हातमोज्यांबद्दलचा सल्ला मात्र घातक आहे. 'आमच्या माळीदादांना इतक्या वर्षांत काही झाले नाही' हा पुरावा टिकत नाही. या तणातील पार्थेनिन या द्रव्याची ॲलर्जी सहसा पहिल्या स्पर्शात दिसत नाही. संपर्क वारंवार येत राहिला की शरीर संवेदनशील होते आणि मग हात, मान, पापण्या लाल होऊन असह्य खाज सुटते. पुढे तर काहींना तणाला हात न लावताही, हवेतून येणाऱ्या त्याच्या कणांनी त्रास होतो. दमा किंवा त्वचाविकार असलेल्यांना या कामात मुळीच घेऊ नये.

दुसरे, पांढरी फुले डोलू लागल्यावर जाग येऊन उपयोग नाही. एकेक रोप हजारो बिया टाकते. पावसाने माती भुसभुशीत असताना, फुलोऱ्याआधी, मुळासकट काढावे. मोकळ्या जागेत टाकळा पेरावा. तो या तणाला दाबतो. पानांवर मेक्सिकन भुंगेरे दिसले तर फवारणी करू नये, ते हे तण आटोक्यात आणण्यासाठीच 1980च्या दशकात भारतात आणले गेले.

श्रमदान करणाऱ्यांना कळकळीची विनंती : पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, नाकातोंडाला रुमाल आणि नंतर साबण लावून अंघोळ, एवढे सक्तीचे करा.

– एक वाचक, सातारा