नकटीचं लग्न आणि सर्जनची सुरी

'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं' ही म्हण ऐकतच आपण सगळ्याजणी मोठ्या झालो. नकट्याच्या लग्नाची म्हण मात्र कुणी केली नाही. विघ्न बाईच्या नाकात, पाहणाऱ्याच्या नजरेत नाही, हा निकाल त्या म्हणीत आधीच लागलेला आहे.

गेल्या वर्षी ती म्हण माझ्या घरात शिरली. माझी भाची घाटकोपरला राहते. वय सव्वीस, नोकरी करते, घराचा हप्ता तिच्याच पगारातून जातो. तिसऱ्या स्थळाकडून निरोप आला, "मुलगी चांगली आहे, पण नाक फार वर वळलेलं आहे." माझी बहीण तिला घेऊन अंधेरीच्या एका दवाखान्यात गेली. मी सोबत होते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "लग्न कधी धरलंय?" आणि तोही आईला! जिच्या चेहऱ्यावर सुरी फिरणार होती ती समोरच बसली होती.

माहिती मिळाली ती मी खोदून खोदून विचारली म्हणून. मोठं नाक लहान करताना असलेलं काढायचं असतं. आखूड, वर वळलेलं नाक लांब करायचं तर भर घालावी लागते. त्यासाठी नाकाच्या मधल्या पडद्याची, कानाची, नाहीतर बरगडीची कूर्चा काढतात आणि ती जोडून शेंडा खाली आणतात. कातडी आणि आतलं अस्तर ताणेल तेवढंच नाक लांबतं. शेंडा ताठर होऊ शकतो, श्वासाला अडथळा येऊ शकतो, कधी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. सूज पूर्ण उतरायला वर्षही लागतं. फिलरचं इंजेक्शन 'सोपं' म्हणून सांगतात. त्याचा परिणाम कायमचा नसतो, आणि ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते. माहितीपत्रकात यातलं काही नव्हतं. होते फक्त 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो.

ही विद्या वाईट नाही, ती आपल्याकडचीच आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रज फौजेसाठी बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ती हकीकत छापली. पुढे १८८७ साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या डॉ. जॉन रो यांनी धडधाकट नकट्या नाकालाच व्यंग ठरवून त्यावरची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. त्या काळी तिथे गरीब आयरिश स्थलांतरितांची टवाळी अशाच नाकाच्या व्यंगचित्रांतून होत असे. ज्याची पत कमी, त्याचंच नाक वाकडं!

आपल्याकडे तर नाक म्हणजे घराण्याची अब्रू. शूर्पणखेपासून संशयावरून बायकोचं नाक कापणाऱ्या नवऱ्यापर्यंत शिक्षा बाईच्या नाकालाच. आता कापत नाहीत, 'सुधारतात', आणि बिल मुलीच्या घरी जातं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. त्याच्या व्याख्येत हा खर्च बसो न बसो, लग्न जमावं म्हणून मुलीकडच्यांनी मोजलेला पैसा हुंडा नाही तर काय?

काही मैत्रिणी म्हणतील, तिचं शरीर, तिची निवड. मान्य. अपघातानंतर, श्वासासाठी, किंवा स्वतःला हवंसं वाटलं म्हणून जी शस्त्रक्रिया करून घेते तिला लाजवणं हे आपलं काम नव्हे. पण 'नको' म्हटलं तर जिला घरातच ओझं ठरवलं जातं, तिच्या 'हो'ला निवड कसं म्हणायचं?

भाचीने संमतिपत्रावर सही केली नाही. "मला हवं असेल तेव्हा मी एकटी येईन," म्हणाली. बहीण अजून माझ्याशी धड बोलत नाही. तिचा राग मला कळतो, नकार पचवून तीही थकली आहे.

म्हणून आपल्या गटांत हे बोलायला हवं. मुलुंड असो की बोरिवली, दवाखान्यात जाणाऱ्या मुलीसोबत एकीने जावं. डॉक्टरची पदवी, धोके, पुन्हा करावं लागलं तर खर्च कुणाचा, हे लेखी मागावं. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलं आहे. आणि स्थळ सुचवताना 'नाकीडोळी नीटस' हे शब्द आधी आपल्याच तोंडून जाऊ देत.