बऱ्या न झालेल्यांची प्रार्थना

मुंबई-कोलकाता महामार्ग सडक अर्जुनी तालुक्यातून जातो, तिथे कोहमारा हे गाव लागते. गोंदियाहून गोरेगावमार्गे येऊन नवेगाव बांधकडे जाणारा रस्ता इथेच त्याला भेटतो. साकोलीची, देवरीची, गोंदियाची माणसे इथे उतरतात आणि बस बदलतात. असल्या नाक्यांवरच्या भिंती आणि विजेचे खांब हेच त्या मुलखाचे वर्तमानपत्र. झाडीपट्टीतल्या नाटकांची पत्रके तिथे लागतात, बियाण्यांच्या आणि खतांच्या जाहिराती लागतात. त्यांच्या जोडीला पूर्व विदर्भात आता आणखी एक पत्रक ओळखीचे झाले आहे, ते म्हणजे चंगाई सभेचे. आंधळे पाहतील, लंगडे चालतील, दुखणी पळतील, मोफत प्रवेश.

मी ख्रिस्ती आहे. प्रार्थनेने माणूस बरा होऊच शकत नाही, असे मी म्हणणार नाही, कारण तसे मी मानत नाही. माझे भांडण दुसऱ्या गोष्टीशी आहे. या सभांनी ‘विश्वासात वाढणे’ या शब्दांचा अर्थच बदलून टाकला आहे. वाढलेला विश्वास म्हणजे फळ देणारा विश्वास, आणि फळ म्हणजे गेलेले दुखणे, लागलेली नोकरी, मिटलेले कर्ज, असे समीकरण तयार झाले आहे. या हिशेबात ज्याचे दुखणे गेले नाही, त्याचा विश्वास आपोआप कमी ठरतो. मग कुणीतरी ते त्याला तोंडावर सांगतेही: “तुमचा विश्वास कमी पडला.” आजारी माणसाला याहून क्रूर वाक्य मला ठाऊक नाही.

हे वाक्य कुणाला ऐकावे लागते, ते पाहू. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर हा सिकलसेलचा पट्टा आहे. हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फुटल्यासारख्या वेदना सुरू होतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि त्यासाठी २०४७ हे वर्ष ठरवले. तोवर इथल्या कितीतरी घरांत या आजारासह जगायचे आहे. बहुतेकांच्या हाती आहेत त्या रोजच्या गोळ्या: फॉलिक अॅसिड, आणि डॉक्टरांनी लिहून दिले असेल तर हायड्रॉक्सियुरिया.

आता या आजाराची चाल आणि सभेची चाल शेजारी ठेवून पाहा. सिकलसेलची कळ येते, काही दिवस छळते आणि बहुधा आठवड्याभरात ओसरते. पुढची कधी येईल, ते कुणी सांगू शकत नाही. कळ असह्य झाली की आई पोराला सभेला नेते. पुढच्या रविवारी पोर खेळत असते. आई माईकवर साक्ष देते आणि मंडळी ‘हालेलुया’ म्हणते. यात कुणी खोटे बोललेले नाही. आईने जे पाहिले तेच ती सांगते आहे. पण आजार तिथेच आहे. त्याच उत्साहात कुणी गोळ्या थांबवल्या, तर त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसत नाही. हायड्रॉक्सियुरियाने शरीरात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढलेले असते. ते आठवड्या-महिन्यांनी हळूहळू उतरते आणि कळा पुन्हा जोर धरतात. तोवर सभेचा मंडप दुसऱ्या गावी गेलेला असतो. साक्ष मागे उरते आणि पोर दवाखान्यात. माईकवर बऱ्या झालेल्यांनाच बोलावले जाते. बऱ्या न झालेल्यांसाठी तिथे माईक नसतो.

सभावाल्यांचे उत्तर मला माहीत आहे. ते शास्त्र उघडतात, म्हणून मीही तेच उघडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात फेफरे येणाऱ्या मुलाची गोष्ट आहे. शिष्यांना तो मुलगा बरा करता येत नाही, आणि येशू विश्वास उणा असल्याबद्दल बोल लावतो. हा भाग प्रवचनांतून फार वापरला जातो. पण बोल कुणाला लावला आहे, ते नीट वाचा. तो बरे करायला निघालेल्या शिष्यांना आहे. आजारी मुलाला किंवा त्याच्या बापाला नाही. मार्काने तीच गोष्ट सांगताना बापाला आपला विश्वास अपुरा असल्याची कबुली द्यायला लावली आहे, आणि त्या कबुलीनंतरही मुलगा बरा होतो. म्हणजे ‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य कुणाला म्हणायचेच असेल, तर मंचावरच्या माणसाने ते आरशात बघून म्हणावे.

नासरेथचा दाखलाही देतात. गावकऱ्यांच्या अविश्वासामुळे तिथे फारशी अद्भुत कृत्ये झाली नाहीत. खरे आहे. पण तिथेही जे थोडे आजारी त्याच्याकडे आले ते बरे झाले, असे मार्क नोंदवतो. आलेल्याला त्याने परत पाठवले नाही. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय खोडून काढतो. जन्मजात आजाराचा दोष आजाऱ्यावर किंवा आईबापांवर टाकायचा नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगणार? सिकलसेल तर अक्षरशः आईबापांकडून येणारा आजार. हा प्रसंग आमच्या भागातल्या प्रत्येक मंडळीत वर्षातून चार वेळा वाचला जायला हवा.

पौलाचे उदाहरण तर सभांमधून गायबच झाले आहे. त्याच्या शरीरात एक ‘काटा’ होता. काय दुखणे होते ते त्याने लिहिलेले नाही. तो निघावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही. त्याला कृपा मिळाली आणि काट्यासह जगण्याचे बळ मिळाले. त्याचा सोबती त्रफिम आजारी पडला, तेव्हा त्याला मिलेत इथे मागे ठेवून यावे लागले. तीमथ्याला पोटाचा त्रास होता, तर पौल त्याला उपास-प्रार्थना वाढवायला सांगत नाही, थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. त्या काळचा तो घरगुती उपायच होता. ज्याला पौल प्रिय म्हणतो तो लूक व्यवसायाने वैद्य होता. पहिल्या शतकातली मंडळी अशी होती: प्रार्थनाही करणारी, औषधही घेणारी, आणि न बरे झालेल्यांना सोबत घेऊन चालणारी.

मराठी ख्रिस्ती परंपरेतही याहून वेगळे काही दिसत नाही. पंडिता रमाबाईंचे नाव या सभांमधून हल्ली आदराने घेतले जाते, कारण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या आध्यात्मिक जागृतीचा गवगवा जगभर झाला. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत, गात. पण त्याच रमाबाईंना ऐकू कमी येत असे. १८८३ साली वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या, आणि बहिरेपणामुळेच तो मार्ग बंद झाला. एवढी मोठी जागृती त्यांच्या अंगणात झाली, तरी त्यांचे कान बरे झाले नाहीत. १९२१ साली एकुलती मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली. त्या बाईंचा विश्वास कमी होता, असे म्हणण्याची कुणाची हिंमत आहे? त्या रोज उठून हिब्रू आणि ग्रीक शास्त्रपाठ समोर घेऊन बायबलचे मराठी भाषांतर करत राहिल्या आणि एप्रिल १९२२ मध्ये जाण्यापूर्वी ते काम पुरे केले. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तेव्हा त्यांनी उपाशी बायका-मुलींना सभा दिली नाही, सोबत घेऊन जाऊन घर आणि काम दिले. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा त्याच मध्य प्रांतात मोडत होता.

ना. वा. टिळकांची गोष्ट तर आमच्याच रेल्वेमार्गावरची आहे. नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी जाताना, १८९३च्या सुमारास, डब्यात भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. ही गाडी गोंदियावरूनच जाते. त्या प्रवाशाने डब्यात चमत्कार केला नाही. पुस्तक दिले आणि वाचा म्हणाला. टिळक वाचत राहिले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडले, वाद घालत राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना आणखी पाच वर्षे लागली. त्या पाच वर्षांत त्या रागावल्या, दूर राहिल्या, परत आल्या, सोवळेओवळे एकेक करून सोडत गेल्या, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या कुणालाही दिसेल की हा बदल चुलीपाशी आणि पाण्याच्या घागरीपाशी झाला. विश्वासात वाढणे ते हेच. त्याचे पत्रक छापता येत नाही.

धान लावणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. पऱ्हे टाकल्यावर रोवणीपर्यंत तीन-चार आठवडे जातात. त्या काळात बांधीवर उभे राहून ‘आज किती वाढले’ असे कुणी विचारत नाही. पाणी बघायचे, बांध फुटला तर नीट करायचा. मग आत्म्याच्या बाबतीत आपल्याला एका रात्रीत पीक का हवे असते?

याचे प्रामाणिक उत्तर द्यायला हवे, नाहीतर ही टीका नुसतीच गुर्मी ठरेल. लोक सभेला जातात कारण तिथे कुणीतरी त्यांच्या डोक्यावर हात ठेवते. गोंदियाला २०१६ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण तिथवर जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, बसभाडे लागते, रांगेत उभे राहावे लागते, आणि डॉक्टरला नाव विचारायलाही वेळ नसतो. सभेत मुलाचे नाव घेऊन प्रार्थना होते. आमच्या जुन्या, शिस्तीच्या मंडळ्यांनी हे कधी केले? रविवारी तासाभराची उपासना, दोन गीते, वर्गणीचा हिशेब आणि घरी. आजारी घरी जाऊन बसणे, रात्री दवाखान्यात सोबत करणे, हे आम्ही सोडले म्हणून मंडपवाल्यांना जागा मिळाली. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले, तेव्हा प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छताखाली होत्या. त्यांना एकमेकींपासून तोडण्यात आमचाही हात आहे.

आणि या टीकेचा फायदा घेऊ पाहणाऱ्यांनाही एक सांगतो. चार माणसे घरात बसून प्रार्थना करतात, म्हणून धर्मांतराचा संशय घेत दारात येऊन उभे राहणाऱ्यांच्या बाजूने मी हे लिहीत नाही. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. कुणी फसवत असेल, तर तो त्याला लागू व्हावा, मग तो कुठल्याही धर्माचा असो. घरातली प्रार्थना मात्र गुन्हा नाही. उलट माझे म्हणणेच हे आहे की प्रार्थना मंडपातून घरात परत यायला हवी.

येशूने प्रार्थनेसाठी दार लावून आतल्या खोलीत जायला सांगितले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सामानसुमान ठेवायची खोली असा आहे. आमच्याकडे धानाची पोती ठेवतात तशी. तिथे श्रोते नसतात, त्यामुळे साक्ष रंगवण्याचा मोहही नसतो. रोज वीस मिनिटे पुरतात. आधी एक स्तोत्र वाचायचे. स्तोत्रे १५० आहेत, रोज पाच घेतली तर महिन्यात पुरी होतात, एक घेतले तर पाच महिन्यांत. त्यांतला मोठा भाग रडण्याचा, तक्रारीचा, ‘देवा, कुठे आहेस’ असे विचारण्याचा आहे, हे वाचताना ध्यानात येईल. सभेत बंदी असलेली ही सगळी वाक्ये शास्त्रात छापलेली आहेत. मग शुभवर्तमानातला एक प्रसंग, सलग, जिथे कालचा संपला तिथून. फोनवर आलेले सुटे वचन नव्हे. सुट्या वचनात नेहमी आपल्याला हवे तेवढेच असते. सलग वाचणाऱ्याला नको असलेलेही वाचावे लागते, आणि माणूस बदलतो तो तिथेच.

त्यानंतर थोडा वेळ गप्प बसायचे. आणि शेवटी दुसऱ्यांची नावे घ्यायची, आपल्या बोलीत. “हे स्वर्गीय पित्या, तुझ्या अगाध कृपेने” असली उसनी भाषा तोंडात बसत नसेल तर ती सोडून द्यावी. झाडीबोलीत रडणाऱ्या बाईचे देवाला कळते. शेजाऱ्याच्या सिकलसेलच्या पोराचे नाव रोज घेणाऱ्याला दहाव्या-बाराव्या दिवशी आपोआप प्रश्न पडतो, त्याच्या गोळ्या संपल्या तर नाहीत ना? तो प्रश्न पडला की उठायचे, चपला घालायच्या आणि विचारून यायचे. गोळ्या संपल्या असतील तर दुसऱ्या दिवशी गोंदियाची बस धरायची. माझ्या मते विश्वास वाढल्याची ही खूण आहे, आणि ती तपासताही येते.

मंडळ्यांनी यापुढे एवढे तरी करावे. साक्षीच्या वेळी बऱ्या न झालेल्यांना आधी बोलू द्यावे. ज्याची कळ काल रात्रीही आली, ज्याच्या आईने तीन वर्षे प्रार्थना करूनही अहवाल तोच आला, त्याला उभे राहून सांगता यावे की मी अजून आजारी आहे आणि अजून प्रार्थना करतो. पाळकाने प्रत्येक प्रार्थनेनंतर, मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगावे: गोळ्या थांबवू नका. ज्या मंचावरून हे एक वाक्य निघत नाही, त्या मंचाला आपले पोर, आपली वर्गणी आणि आपले ‘आमेन’ देऊ नये.