आज लाँच लेट आहे!

अलिबाग म्हटलं की तुम्हाला वीकेण्ड आठवतो. मांडव्याची बोट, बीच, सुरमई फ्राय. मला आजी आठवते. आजीला मात्र हल्ली मी आठवत नाही.

सुरुवात अगदी साधी होती. आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं, एकच प्रश्न पाच-पाच वेळा यायला लागला. 'वय झालं' म्हणून आम्ही विषय संपवला. मग एका संध्याकाळी आजी घरातून गायब! सापडली ती रेवसच्या रस्त्यावर, डोक्यावर पदर घेऊन तरातरा चाललेली. आजोबा मुंबईला गिरणीत होते, तेव्हा शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचे. त्यांना जाऊन बारा वर्षं झालीत.

डॉक्टर म्हणाले, डिमेन्शिया. अल्झायमर हे त्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण. त्यात नव्या आठवणी आधी पुसल्या जातात, जुन्या बराच काळ टिकतात. म्हणून नात गायब आणि लाँच हजर! २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की, साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया आहे.

आधी आम्ही खरं ते सांगायचो, 'आजी, आजोबा गेले ना.' ती हंबरडा फोडायची. दर वेळी, पहिल्यांदाच कळल्यासारखा. शेवटी काकूनंच मार्ग काढला. 'आई, आज लाँच लेट आहे. तोवर चहा घेऊ या.' आजी शांत.

या काकूला मात्र चार वर्षांत एकही सुट्टी नाही. आपण दोन डेडलाइन्सनी बर्नआऊट होतो, बॉस!

गेल्या मार्चमध्ये अंगणात पांढरा कांदा आला. तोच, २०२२ मध्ये जीआय टॅग मिळालेला. आजीपुढे कांदे ठेवले आणि बघतच राहिलो. नाव-गाव विसरलेल्या बाईची बोटं पातींची वेणी झरझर घालत होती. हाताच्या सवयी मेंदू उशिरा विसरतो. तिनं आणि काकूनं केलेल्या चाळीस माळा मी मैत्रिणीच्या ऑफिसात नेल्या. लंच टाइमपर्यंत सगळ्या खपल्या. पैसे डिमेन्शियाच्या पेशंट्ससाठी काम करणाऱ्या संस्थेला दिले. निघताना अकाउंट्समधला एक मुलगा हळूच म्हणाला, 'माझ्या बाबांचंही असंच चाललंय. ऑफिसात कुणाला सांगितलं नाहीये.'

तर मंडळी, २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. त्या दिवशी टीममध्ये कॉन्ट्रिब्युशन काढा. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून धावतेय, तिथे संस्थांसाठी पैसे उभे करत धावता येतं. डॉ. मोहन आगाशेंचा 'अस्तु' बघा. हा सिनेमा २०१६ मध्ये थिएटरात आणण्यासाठी लोकांकडूनच पैसे उभे केले होते. आणि महिनाअखेरीला खिसा रिकामा असेल, तर एक रविवार द्या. पेशंटजवळ तुम्ही बसा, सांभाळणाऱ्याला बाहेर पाठवा.

मी परवा तेच केलं. काकू चार वर्षांनी पिक्चरला गेली. संध्याकाळी आजीनं विचारलं, 'लाँच लागली का गं?'

'लेट आहे, आजी.'

'मग बस की. कुणाची गं तू?'

मी बसले. चहा टाकला.