माळ्यावरच्या गप्पा

सहकारी जमले की गप्पा किती आणि काम किती, हा तिढा प्रत्येक संपादकाचा. धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने तो सोडवायच्या फंदातच पडायचं टाळलं. जी. बी. जोशींनी 1933 साली सुरू केलेली ही कन्नड प्रकाशनसंस्था. तिच्या माळ्यावर जोशी, समीक्षक कीर्तिनाथ कुर्तकोटी आणि तरुण गिरीश कार्नाड यांच्या मैफली रंगत. हिशेबनिसाला ती शुद्ध टवाळकीच वाटावी! पण कार्नाडांचं ‘ययाति’ हे नाटक 1961 मध्ये याच संस्थेने छापलं. आणि कन्नडात इतिहासाला भिडणारं नाटक नाही, ही कुर्तकोटींची कुरकुर कार्नाडांच्या ‘तुघलक’च्या मुळाशी होती. जोशीही नुसते यजमान नव्हते. ‘जडभरत’ या नावाने नाटकं लिहीत. मित्राला तोंडावर नापास करणारा समीक्षक जवळ नसेल, तर मात्र अशा बैठका खरंच वाया जातात. आमच्याकडे तसे दोघे आहेत. या अंकातले तीन लेख त्यांनीच परत पाठवून पुन्हा लिहून घेतले.