सासूबाईंच्या कानाला यंत्र कोणतं?

मुदखेडहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या सासूबाई सत्तरीच्या पुढं गेल्या. दोनेक वर्षांपासून ऐकू कमी येतं. "साखरेचा डबा मागितला की भाकरीची टोपली पुढं करतात, अन् मोठ्यानं बोललं की 'वरडतीस कशाला, मी काय बहिरी हाय का?' म्हणून रुसून बसतात," असं त्या लिहितात. पुण्याला असलेला मुलगा म्हणतो, मोबाईलवर नऊशे रुपयांचं कानाचं मशीन दिसतंय, मागवून टाकू. अमेरिकेतले दीर म्हणतात, इकडं श्रवणयंत्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतं, दिवाळीला येताना आणतो. "ताई, आमच्या आत्याबाईंना दोन्हींतलं कोणतं घ्यावं?"

दोन्ही कानातच घालायची असली तरी त्यांची जात वेगळी आहे, बरं का. नऊशे रुपयांचं मशीन म्हणजे बहुतेक वेळा नुसता आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर. लाऊडस्पीकरसारखं त्याचं काम. जे येईल ते मोठं करून सोडायचं. सुनेचं बोलणं मोठं, तशी पंख्याची घरघरही मोठी, भांड्यांची आदळआपटही मोठी. मुळात असली यंत्रं कान चांगले असणाऱ्यांसाठी आहेत. रानात लांबचं पाखरू ऐकायचं असलं तर उपयोगी पडावीत अशी.

म्हातारपणी कान सगळीकडून सारखा बसत नाही. आधी जातात ते उंच पट्टीचे, बारीक आवाज. स, श, त, फ ही अक्षरं त्यांतलीच. 'आ', 'ओ' असे भरदार आवाज मात्र बराच काळ नीट पोचतात. म्हणून कुणीतरी बोलतंय हे आत्याबाईंना कळतं, पण शब्दाची कड निसटते आणि उरलेला शब्द त्या अंदाजानं भरतात. अशा कानाला मोठा आवाज सोसतही नाही. हळू बोललं तर कळत नाही, ओरडलं तर टोचतं. रुसण्याचं कारण त्यांच्या स्वभावात शोधू नका.

खरं श्रवणयंत्र जे आवाज हरवलेत तेच उचलून धरतं, मंद आवाज जास्त वाढवतं, मोठा कमी, आणि एका मर्यादेपलीकडं आवाज जाऊ देत नाही.

आता दिरांचं यंत्र. अमेरिकेत १७ ऑक्टोबर २०२२ पासून चिठ्ठीशिवाय श्रवणयंत्र विकायला परवानगी मिळाली. पण त्याला अटी आहेत. ते अठरा वर्षांपुढच्या माणसांसाठीच, आणि ऐकणं सौम्य किंवा मध्यम कमी झालं असेल तरच. त्याचा आवाज १११ डेसिबलच्या वर जाता कामा नये. आवाज आपोआप आवरणारी सोय असेल तर ११७. म्हणजे ते खेळणं नव्हे. मात्र हा कायदा तिकडचा. इकडच्या डब्यावर कुणी 'ओटीसी' अशी अक्षरं छापली म्हणून तो डबा त्या कायद्यात बसत नाही. शिवाय यांतली पुष्कळ यंत्रं मोबाईलवरून जुळवावी लागतात. ते दिवाळीनंतर कोण करणार? बिघडलं तर दुरुस्तीला कुठं धाडणार?

पत्रात एक ओळ आहे: "चुलीपाशी शेजारी बसूनही दोनदा सांगावं लागतं." गर्दीत किंवा फोनवर अडणं वेगळं. शांत खोलीत, हातभर अंतरावरचं साधं बोलणं कळत नसेल, तर चिठ्ठीशिवायचं यंत्र पुरं पडेलच असं नाही. माझं स्पष्ट मत असं, की तपासणीच्या आधी दोन्ही घेऊ नयेत.

कधी कधी सगळा घोटाळा नुसत्या मळाचा असतो. मळ निघाला की ऐकू येतं आणि यंत्राचे पैसे वाचतात. पण तो डॉक्टरांनी काढायचा. हेअरपिन, काडी, कोमट तेल यांतलं काही घरी नको. मुदखेड जंक्शनवर नांदेडच्या गाड्यांची वाण नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. तपासणीचा वार आधी विचारून जा. तिथं कानाचा आलेख काढून मागा. कोणत्या पट्टीचं किती गेलं ते त्यावर दिसतं, आणि यंत्र त्यावरूनच जुळवतात. एकाच कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, कान वाहतो, दुखतो किंवा चक्कर येते, असं असेल तर दिवाळीची वाट पाहू नका. अचानक गेलेल्या कानाला पहिल्या दोन-तीन दिवसांतच उपचार हवेत.

पैशांचं म्हणाल, तर २०१७ सालच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना श्रवणयंत्र फुकट देण्याची तरतूद आहे. राज्य सरकारनंही २०२४ मध्ये पासष्टीपुढच्या गरजूंना अशा साधनांसाठी ३,००० रुपयांची योजना जाहीर केली. सध्या अर्ज घेतात का, ते समाजकल्याण कार्यालयात विचारा. विकत घ्यायचं झालं तर आठवडाभर वापरून बघू देणारा दुकानदार गाठा.

तोवर आत्याबाईंशी समोर बसून, तोंडावर उजेड पडेल असं बोला. पंखा घटकाभर बंद करा. एकदा कळलं नाही तर तोच शब्द ओरडून सांगण्यापेक्षा वाक्य बदला: "चहात घालायला साखर द्या."

यंत्र आलं की पहिल्याच दिवशी लग्नाच्या मांडवात नेऊ नका. घरात, शांत वेळी, तास-दोन तासांपासून सुरुवात करा. सवय व्हायला काही आठवडे लागतात. शिट्टी वाजली तर कानात नीट बसलेलं नाही असं समजा. न्हाताना, डोक्याला तेल लावताना काढून ठेवायचं. त्याच्या बटणसेलला रंगीत चिकटपट्टी असते. ती सोलली की हवा लागून सेल चालू होतो, तेव्हा गरजेच्या वेळीच सोला. आणि वापरलेले सेल नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर आत भाजतं, लगेच दवाखाना गाठावा लागतो.