'गुणी पण वादग्रस्त' : हा शिक्का कुणाच्या हातात आहे?



खेळाच्या दुनियेत एक शब्द फार सोयीने वापरला जातो : 'वादग्रस्त'. पोरगा गोल मारतो हे नाकारता येत नाही, मग म्हणायचे, "गुणी आहे हो, पण वादग्रस्त आहे." हा 'पण' नेमका कुणाच्या नावापुढे लागतो ते तपासले पाहिजे. आपल्या शहापूर-मुरबाडच्या बौद्धवाड्यांत आणि कातकरी वाड्यांत चेंडूमागे धावणाऱ्या पोरांच्या नावापुढे तो आधीच लिहून ठेवलेला असतो. 'टपोरी', 'मस्तीखोर', 'यांना शिस्त नाही' ही त्याचीच गावठी रूपे.

नागराज मंजुळेंचा 'झुंड' मार्च २०२२ मध्ये आला. आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिला, जयंतीच्या प्रसंगाला शिट्ट्या मारल्या. पण त्यातला डॉन, म्हणजे अंकुश मसराम, परदेशी खेळायला निघतो तेव्हा त्याला काय अडवते? त्याचा खेळ नाही. पोलीस ठाण्यातली नोंद त्याला अडवते. आणि मोनिका या आदिवासी मुलीला काय अडवते? ती कोण आहे हे सांगणारा कागद. पायात जादू असून चालत नाही, हातात दाखला लागतो. ही गोष्ट सिनेमापुरती नाही.

त्या सिनेमामागे नागपूर आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलभोवती गोळा केले. त्यातूनच अखिलेश पॉल पुढे आला. गुन्हेगारीच्या वाटेवर गेलेला हा पोरगा २०१० मध्ये रिओ दि जानेरोच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कर्णधार होता. गल्लीत ज्याला लोक घाबरत, त्याच्या दंडावर देशाच्या कर्णधाराची पट्टी आली. माणूस तोच, मैदान बदलले.

इथे नेहमीचा सवाल येतो : "मग गुंडगिरीचे समर्थन करायचे का?" अजिबात नाही. चाकू हा चाकूच. स्वाभिमान म्हणजे मस्तवालपणा नव्हे, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना वेगळे सांगायला नको. आमची मागणी एवढीच, की चुकीला मोजायची पट्टी सगळ्यांना एकच लावा.

ती एक नसते, हे जगाच्या फुटबॉलमध्ये स्पष्ट दिसते. मारिओ बालोटेली १९९० मध्ये इटलीतच, पालेर्मोत जन्मला. आईवडील घानाचे. वाढला इटालियन पालकांच्या घरी, पण नागरिकत्वासाठी त्याला अठरा वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहावी लागली. जन्मभूमीतच कागदाविना! २००९ मध्ये युव्हेंटसच्या प्रेक्षकांनी त्याला हिणवले की काळा इटालियन असूच शकत नाही. त्याने २०१२ च्या युरो उपांत्य सामन्यात जर्मनीवर दोन गोल ठोकून इटलीला अंतिम फेरीत नेले. त्याच्या खोड्या खऱ्या होत्या. घरात फटाके पेटले, ज्युनिअर खेळाडूंवर डार्ट फेकले, दंड झाला. पण २०१९ मध्ये वेरोनात प्रेक्षकांतून माकडाचे आवाज आले, त्याने संतापून चेंडू गॅलरीत भिरकावला, तेव्हा चर्चा त्याच्याच स्वभावाची झाली. त्याच्या स्वतःच्या ब्रेशिया क्लबच्या अध्यक्षाने त्याच महिन्यात त्याच्या कातडीवर विनोद केला.

आता लुईस सुआरेझ घ्या. २०११ मध्ये पॅट्रिस एव्हराला वर्णद्वेषी बोलल्याबद्दल त्याच्यावर आठ सामन्यांची बंदी आली, तर लिव्हरपूलचे सहकारी त्याच्या समर्थनाचे टी-शर्ट घालून मैदानात उतरले. २०१४ च्या विश्वचषकात त्याने प्रतिस्पर्ध्याला चावा घेतला. बंदी चालू असतानाच बार्सिलोनाने त्याला विकत घेतले. वादग्रस्त तोही ठरला, पण त्याच्यामागे क्लब उभे राहिले. बालोटेलीने २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडवर गोल करून शर्ट वर केला, आत लिहिले होते, 'नेहमी मीच का?' जगाने तो विनोद म्हणून छापला. आपल्याला तो प्रश्न म्हणून कळला पाहिजे.

"नीट वागा, मग संधी मिळेल," असे सांगणाऱ्यांसाठी आपल्या घरातलेच उत्तर आहे : पळवणकर बाळू. चांभार समाजातला हा गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेऊन आला. वादग्रस्तपणाचा शिक्का त्याच्यावर कुणाला मारता आला नाही. तरीही चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या भांड्यात. हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच देण्यात आले नाही. पुढे १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला. १९३७ मध्ये बाळू बाबासाहेबांविरुद्ध निवडणूक लढला आणि हरला, ते राजकारण बाजूला ठेवा. मुद्दा हा, की सद्वर्तनाने जात पुसली जात नाही. म्हणजे अडचण वर्तनाची नव्हतीच.

बारसे सरांबद्दल आदर आहेच. पण एक सर भेटले म्हणून एक पोरगा वाचला, हा न्याय नाही, हा योगायोग आहे. ज्यांना सर भेटले नाहीत त्यांचे काय? उपकाराच्या कथेवर डोळे पुसणारा समाज हक्काची मागणी आली की लगेच 'मेरिट' काढतो. आरक्षणाबद्दल बोलतात तेच खेळाबद्दल : "संधी दिली, सोने करता आले नाही." संधी म्हणजे एक सामना नव्हे. संधी म्हणजे मैदान, बूट, जेवण, प्रशिक्षक, दाखला आणि चूक झाल्यावर परत उभे राहण्याची मुभा.

आता आपल्या तालुक्यांकडे या. तानसा आणि भातसाचे पाणी शहापुरातून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. खेळाचेही तसेच. ताकदीची पोरे इथली, क्लब आणि टर्फ शहरात, तेही तासाच्या भाड्यावर. इथे नेत्यांचे फ्लेक्स लावून रात्रीचे क्रिकेट चषक रंगतात, फुटबॉलच्या गोलपोस्टला मात्र जागा मिळत नाही. मुरबाडला तर रेल्वेही नाही, सरावासाठी कल्याण गाठायचे तर एसटीचे भाडे कोण देणार? कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते, पोरगा शाळेतून सुटतो, शालेय स्पर्धेच्या यादीतूनही सुटतो. उरला तर जन्माचा दाखला नाही. मग सुब्रोतो कपची वयाची अट तो कशाने सिद्ध करणार? सरकारी नोकरीतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण त्याच्यापर्यंत पोचणार कसे?

१९२३ मध्ये बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले. तरी १९२७ मध्ये महाडला चालत जावे लागले. मैदानांचे आज तेच आहे. तालुक्याचे क्रीडा संकुल आणि जिल्हा परिषद शाळेचे पटांगण सार्वजनिक आहे, पण आपण पाऊल टाकत नाही.

म्हणून कामाला लागा. माहितीच्या अधिकारात अर्ज करा : वर्षभरात मैदान कुणाला, कशासाठी, किती दिवस दिले? तहसील कार्यालयावर जन्म आणि जातीच्या दाखल्यांच्या शिबिरासाठी धडक द्या. शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला विचारा की आश्रमशाळांत फुटबॉल शिकवायला कोण आहे, आणि मुलींना कोण शिकवते. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा, त्यात चेंडू येतील. आणि वस्तीतला तापट पोरगा संघातून काढण्याआधी त्याच्या घरी जाऊन या.

स्ट्रायकरचे काम बचाव फोडून आत घुसणे. तो आपल्यातला असला की त्याला वादग्रस्त म्हणतीलच. म्हणू द्या. आपण त्याच्या पाठीशी संघ म्हणून उभे राहू.

जय भीम!